लसावि की मसावि, हे शब्दावरून ठरवू नका

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहावीत आहे. नुसत्या संख्या देऊन लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या) किंवा मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे जिने त्या सगळ्यांना भाग जातो ती मोठ्यात मोठी संख्या) काढायला सांगितला तर ती बिनचूक काढते. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र यातलं काय काढायचं तेच तिला ठरवता येत नाही. क्लासमध्ये तिला एक युक्ती दिली आहे: 'लहानात लहान' किंवा 'कमीत कमी' दिसलं की लसावि, 'मोठ्यात मोठी' किंवा 'जास्तीत जास्त' दिसलं की मसावि. ही युक्ती कधी चालते, कधी तोंडघशी पाडते. आणि गणितात 'बाकी उरते' असं आलं की ती पेन खाली ठेवते. आता आणखी उदाहरणं सोडवून घ्यावीत की दुसरं गाईड आणावं, असा तुमचा प्रश्न आहे.

गाईड आणू नका. मी सोलापुरात बरीच वर्षं गणित शिकवतोय आणि ही तक्रार दर वर्षी नव्या तोंडून ऐकतो. लसावि काढता येतो म्हणजे मुलीचं बरंचसं काम झालेलंच आहे. खोट त्या युक्तीत आहे. त्याच युक्तीवर आणखी शंभर उदाहरणं सोडवली तर ती सवय आणखी घट्ट होईल, एवढंच.

युक्ती कुठे फसते ते दोन गणितांत लगेच दिसतं. पहिलं असं: 'एका खोलीची लांबी ४५० सेंमी आणि रुंदी ३६० सेंमी आहे. एकही फरशी न तोडता सारख्या आकाराच्या चौरस फरश्या बसवायच्या आहेत. कमीत कमी किती फरश्या लागतील?' 'कमीत कमी' वाचून मूल लसावि काढतं. तो येतो १८००. म्हणजे साडेचार मीटरच्या खोलीत अठरा मीटरची फरशी! पण हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आकडा मिळाला की मूल उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळं होतं. फरश्या कमी लागायच्या तर फरशी मोठी हवी. ४५० आणि ३६० या दोन्हींत नेमकी बसणारी मोठ्यात मोठी बाजू ९० सेंमी, म्हणजे मसावि. एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला ४, एकूण २० फरश्या.

दुसरं: '१२, १५ आणि १८ या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जाणारी चार अंकी मोठ्यात मोठी संख्या कोणती?' इथे 'मोठ्यात मोठी' आहे, तरी काम लसाविचं. लसावि १८०. ९९९९ ला १८० ने भागलं की बाकी ९९ उरते. ती काढून टाकली की ९९००. हेच उत्तर.

'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' हे शब्द एवढंच सांगतात की चालणाऱ्या अनेक उत्तरांपैकी कुठलं उचलायचं. उत्तर आणि दिलेल्या संख्या यांचं नातं काय, ते या शब्दांत नसतं. ते गोष्टीत असतं, आणि मुलं नेमकी गोष्टच वाचत नाहीत, त्यातले आकडे गोळा करतात.

म्हणून मी मुलांना कुठलीही आकडेमोड करण्याआधी वहीत एक वाक्य पुरं करायला लावतो. वाक्य दोनपैकी एक: 'जी संख्या शोधायची आहे तिला अमुक संख्यांनी भाग जातो' किंवा 'जी संख्या शोधायची आहे तिने अमुक संख्यांना भाग जातो'. पहिलं वाक्य बसत असेल तर आपण सामाईक विभाज्य शोधतोय, लसाविकडे चला. दुसरं बसत असेल तर सामाईक विभाजक, मसाविकडे चला. फरशांच्या गणितात विचारली आहे फरश्यांची संख्या, पण शोधायची आहे ती एका फरशीची बाजू. त्या बाजूने ४५० ला आणि ३६० ला भाग गेला पाहिजे. दुसरं वाक्य बसलं, विषय संपला. हे वाक्य लिहायला मुलं पहिले काही दिवस कुरकुरतात, तुमचीही कुरकुरेल. लिहायला लावाच. मनातल्या मनात 'कळलं' म्हणणारी मुलं पेपरात पुन्हा शब्दांकडे धावतात.

याच फरशीचा उलटा खेळ तिला जरूर द्या, कारण वस्तू तीच ठेवून नातं बदललं की डोक्यात लख्ख पडतं. ४५ सेंमी बाय ६० सेंमीच्या शहाबादी फरश्या आहेत. त्या सगळ्या एकाच दिशेने ठेवून, न तोडता, एकमेकींना लावून लहानात लहान चौरस ओटा करायचा आहे. आता शोधायची आहे ओट्याची बाजू, आणि तिला ४५ ने आणि ६० ने भाग गेला पाहिजे. लसावि १८० सेंमी. एका बाजूने ४, दुसऱ्या बाजूने ३, मिळून १२ फरश्या. आधी फरशी खोलीत बसवत होतो, आता फरश्यांपासून ओटा उभा करतोय.

आता खास लसाविच्या गणितांकडे येतो, कारण मुलं जास्त तिथेच अडतात. नेहमीचं गाड्यांचं उदाहरण घ्या. सोलापूर स्टँडवरून पंढरपूरची गाडी दर २० मिनिटांनी, तुळजापूरची दर ३० मिनिटांनी आणि अक्कलकोटची दर ४५ मिनिटांनी सुटते. (वेळा मी सोयीच्या घेतल्यात, स्टँडवर जाऊन चौकशी करू नका.) सकाळी ६ वाजता तिन्ही गाड्या एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील? शोधायची आहे सहानंतरची मिनिटं, आणि त्या मिनिटांना २०, ३० आणि ४५ या तिघांनी भाग गेला पाहिजे. मूळ अवयव पाडले तर २० मध्ये दोन वेळा २ आणि एक ५, ३० मध्ये एकेक २, ३, ५, आणि ४५ मध्ये दोन वेळा ३ आणि एक ५. प्रत्येक अवयव जिथे जास्तीत जास्त वेळा आला तितक्या वेळा घ्यायचा: २ × २ × ३ × ३ × ५ = १८०. तीन तासांनी, म्हणजे ९ वाजता.

काही मुलं तिन्ही संख्यांचा सरळ गुणाकार करतात. २० × ३० × ४५ म्हणजे २७,००० मिनिटं. गंमत अशी की हे उत्तर अगदीच खोटं नाही, त्या मिनिटालाही तिन्ही गाड्या एकदम सुटतातच. फक्त तोवर माणूस स्टँडवर अठरा दिवस आणि अठरा तास बसून राहील. गुणाकार नेहमी सामाईक विभाज्य असतो, लघुतम मात्र तेव्हाच, जेव्हा त्यातल्या कुठल्याही दोन संख्यांत १ सोडून दुसरा सामाईक अवयव नसतो. आणि 'दोन संख्यांचा गुणाकार बरोबर लसावि गुणिले मसावि' हे सूत्र दोनच संख्यांचं आहे. ४, ६ आणि १० घेऊन बघा: लसावि ६०, मसावि २, त्यांचा गुणाकार १२०, आणि तिन्ही संख्यांचा गुणाकार २४०. हे सूत्र तिघांना लावणारी मुलं मला दहावीतही भेटतात.

गाड्यांच्या गणिताला पुढे दोन शेपट्या लावता येतात आणि दोन्ही परीक्षेत येतात. पहिली शेपटी: सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळात तिन्ही गाड्या किती वेळा एकदम सुटतील? ३६० भागिले १८०, उत्तर २, असं बहुतेकांचं येतं. पण ६, ९ आणि १२ अशा वेळा बोटावर मोजल्या तर तीन होतात. भागाकार मधल्या अंतरांची संख्या देतो, सुरुवातीची वेळ तीत धरलेली नसते. प्रश्नात 'सहानंतर किती वेळा' असेल तर २ बरोबर, 'सहापासून' असेल तर ३. इथे मात्र एकेक शब्द नीट वाचावाच लागतो.

दुसरी शेपटी जास्त मोलाची आहे, कारण लसावि म्हणजे नेमकं काय ते तिच्यात उघडं पडतं. अक्कलकोटची गाडी बाजूला ठेवा. पंढरपूरची पहिली गाडी ६ वाजता आणि मग दर २० मिनिटांनी, पण तुळजापूरची पहिली गाडी ६ वाजून १० मिनिटांनी आणि मग दर ३० मिनिटांनी. दोन्ही एकदम कधी सुटतील? लसावि ६०, म्हणून ७ वाजता असं उत्तर येतं आणि ते चूक आहे. ७ वाजता तुळजापूरची गाडीच नाही. तिच्या वेळा लिहून काढा: ६:१०, ६:४०, ७:१०, ७:४०. पंढरपूरच्या: ६:००, ६:२०, ६:४०, ७:००, ७:२०, ७:४०. भेट ६:४० ला, मग ७:४० ला, मग ८:४० ला. म्हणजे साठ मिनिटं हे दोन भेटींमधलं अंतर आहे. पहिली भेट कधी हे लसावि सांगत नाही, ते सुरुवात कुठून झाली यावर ठरतं. दोघांची सुरुवात एकाच क्षणी असेल तरच ती सुरुवात पहिली भेट धरता येते आणि पुढची भेट लसाविएवढ्या अंतरावर सापडते. आणि तुळजापूरची पहिली गाडी ६:०५ ला असती तर? मग दोन्ही गाड्या दिवसभरात एकदाही एकदम सुटणार नाहीत, कारण २० आणि ३० चा मसावि १० आहे आणि ५ मिनिटांच्या फरकाला १० ने भाग जात नाही. एवढं सहावीला लागत नाही, पण हुशार मुलीला दाखवायला हरकत नाही. लसाविच्या गणितात मसावि गुपचूप येऊन बसलेला पाहिला की मुलांना मजा वाटते.

आता 'बाकी उरते' वाली गणितं. यांचं भय घालवायला मी फळ्याऐवजी वस्तू वापरतो. एकदा गणित असं दिलं होतं: काही टॉवेल आहेत. १२-१२ चे गठ्ठे बांधले तर ९ उरतात, १५-१५ चे बांधले तर १२ उरतात, १८-१८ चे बांधले तर १५ उरतात. कमीत कमी टॉवेल किती? मुलं ९, १२, १५ या आकड्यांकडे टक लावून बसली. ते आकडे खरोखरच काही सांगत नाहीत. अशोक चौकाकडची एक मुलगी होती, घरी टॉवेलचे माग. ती म्हणाली, "सर, शेजारून तीन टॉवेल उसने आणले की सगळे गठ्ठे पुरे होतात की!" तिला उरलेले टॉवेल दिसले नाहीत, शेवटच्या गठ्ठ्यात कमी पडणारे दिसले. बारात नऊ आहेत, तीन कमी. पंधरात बारा आहेत, तीन कमी. अठरात पंधरा आहेत, तीन कमी. तीन उसने आणले की एकूण टॉवेलना तिन्ही संख्यांनी भाग जातो, म्हणजे १८०. उसने परत केले की १७७. भागून पाहा, बाक्या बरोबर ९, १२ आणि १५ येतात.

तिच्या बोलण्यात अशा सगळ्या गणितांची किल्ली आहे. अशा बाकी उरणाऱ्या गणितात तिन्ही भाजकांनी निःशेष भाग जाणारी एक संख्या जवळपास कुठेतरी दडलेली असते. ती आपल्या संख्येच्या जरा पुढे आहे की जरा मागे, एवढंच शोधायचं. सगळीकडे बाकी सारखीच असेल, समजा ५, तर ती मागे आहे: पाच टॉवेल बाजूला ठेवले की गठ्ठे पुरे होतात, म्हणून १८० + ५ = १८५. बाक्या वेगवेगळ्या पण कमी पडणारे सारखे असतील, तर ती पुढे आहे, म्हणून वजा. अधिक की वजा हे पाठ करायची गरजच उरत नाही. गणितात 'टॉवेल ५०० ते ६०० च्या दरम्यान' अशी अट घातली तरी घाबरायचं कारण नाही. १८० च्या पाढ्यात ५४० येतात, तीन काढले की ५३७.

सारख्या बाकीच्या गणितात एखादं चौकस मूल विचारतं की कमीत कमी संख्या ५ च का नाही, ५ ला १२ ने भागलं तरी बाकी ५ च उरते. ते मूल बरोबर आहे. त्याला गप्प करू नये. चांगला पेपर काढणारा म्हणूनच 'तीन अंकी लहानात लहान' किंवा 'भाजकांपेक्षा मोठी' असं स्पष्ट लिहितो.

'बाकी' हा शब्द पाहून लसाविच, असंही नाही बरं का. '६३ आणि ८७ यांना कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागल्यास प्रत्येक वेळी ३ बाकी उरते?' इथे बाकी काढून टाकली की ६० आणि ८४ उरतात आणि शोधायच्या संख्येने त्यांना भाग गेला पाहिजे. दुसरं वाक्य, मसावि, १२.

बाक्याही वेगळ्या आणि कमी पडणारेही वेगळे, असं झालं तर? मग युक्ती बंद आणि लसाविचा खरा उपयोग सुरू. पहिल्या भास्कराचार्यांनी इसवी सन ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं (हे लीलावतीचे भास्कराचार्य नव्हेत, त्यांच्या पाच शतकं आधीचे). त्यात असं एक उदाहरण आहे: ८ ने भागल्यास ५, ९ ने भागल्यास ४ आणि ७ ने भागल्यास १ बाकी उरते, ती संख्या कोणती? आधी दोनच अटी घ्या. ९ ने भागून ४ उरणाऱ्या संख्या ४, १३, २२, ३१ अशा जातात. त्यात ८ ने भागून ५ उरणारी पहिली १३. आता या दोन अटी मोडायच्या नसतील तर पुढची उडी ८ आणि ९ च्या लसाविएवढीच मारायची, म्हणजे ७२ ची. १३, मग ८५. ८५ ला ७ ने भागा, बाकी १. सापडली. सगळ्या संख्या चाचपत बसायच्या ऐवजी दोनच पाहाव्या लागल्या.

तुमच्या मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा: लसावि तिच्यासाठी नवा नाही. वेगवेगळ्या छेदांचे अपूर्णांक मिळवताना छेद सारखे करते तेव्हा ती लसाविच काढत असते. हे काम नवव्या शतकात महावीराचार्य या गणितज्ञांनी नियम घालून मांडलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा तो काळ, आणि त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं आजचं मळखेड, आपल्यापासून फार लांब नाही.

आपल्या गावात लसावि डोळ्यांनी पाहायचा तर कापडात पाहावा. समजा ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, ६ लाल आणि ४ पांढरे असे धागे लावलेत, म्हणजे रंग दर १० धाग्यांनी पुन्हा सुरू होतो. विणीचा नमुना मात्र दर ४ धाग्यांनी पुन्हा येतो. मग रंग आणि वीण दोन्ही मिळून कापड हुबेहूब तसंच पुन्हा कितव्या धाग्यापासून सुरू होईल? चौकटीच्या वहीत तिला वरच्या ओळीत ६ लाल, ४ पांढऱ्या चौकटी रंगवायला सांगा, खालच्या ओळीत १, २, ३, ४ असे आकडे पुन्हापुन्हा लिहायला सांगा. अकराव्या चौकटीवर लाल पुन्हा सुरू होतो, पण खाली आकडा ३ असतो. जमलं नाही. एकविसाव्या चौकटीवर लाल आणि १ एकाखाली एक येतात. १० आणि ४ चा लसावि २०. घरात कुणी मागावर काम करणारं असेल तर त्यांना विचारा, डिझाइनचं रिपीट त्यांना लसावि न म्हणता नेमकं सांगता येतं.

मैदानावरच्या फेऱ्यांचं गणित नववी-दहावीत आणि स्पर्धा परीक्षांत येतं, तरी आत्ताच एक सूचना देऊन ठेवतो. पार्क मैदानावर दोघे एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने निघाले. एकाला फेरीला ६ मिनिटं लागतात, दुसऱ्याला १०. लसावि ३० मिनिटं. पण हे 'सुरुवातीच्या जागी' पुन्हा एकत्र यायला लागणारे. नुसतं 'पुन्हा कधी भेटतील' असं विचारलं तर १५ व्या मिनिटालाच भेटतात: पहिल्याच्या अडीच फेऱ्या झालेल्या असतात, दुसऱ्याची दीड, आणि दोघे मैदानाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला असतात. आकाशातही हेच चालतं. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षं लागतात, शनीला साडेएकोणतीस, सोयीसाठी ३० धरू. लसावि ६०, पण ते दोघे दर २० वर्षांनी एकमेकांजवळ दिसतात. २१ डिसेंबर २०२० ला संध्याकाळी अगदी चिकटून दिसले होते, आठवत असेल. पंचांगातलं ६० संवत्सरांचं चक्र गुरूच्या गतीशी जोडलेलं आहे, त्यात गुरूच्या पाच फेऱ्या बसतात आणि शनीच्या दोन.

आता एक खास आपल्याकडचा सापळा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे सोलापूरकरांना शिकवायला नको. 'एका भागात तीन दिवसांआड आणि दुसऱ्या भागात पाच दिवसांआड पाणी येतं. आज दोन्हीकडे आलं, तर पुन्हा एकाच दिवशी कधी येईल?' मुलं ३ आणि ५ चा लसावि १५ काढतात. पण तीन दिवसांआड म्हणजे मध्ये तीन दिवस कोरडे, पाणी चौथ्या दिवशी. पाच दिवसांआड म्हणजे सहाव्या दिवशी. लसावि ४ आणि ६ चा, उत्तर १२ दिवसांनी. 'दर तिसऱ्या दिवशी' म्हटलं असतं तर संख्या ३ च राहिली असती. तसंच एकक. एक घंटा अडीच मिनिटांनी आणि दुसरी ४ मिनिटांनी वाजत असेल तर सगळं सेकंदांत आणा, १५० आणि २४०, लसावि १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटं.

या सगळ्यात तुमच्या मुलीचं नेमकं कुठे अडतंय ते मला इथून दिसत नाही, आणि उपाय त्यावरच ठरतो. पाढे कच्चे असतील तर वाक्य बरोबर लिहूनही ती लसाविपर्यंत पोहोचताना दमेल. मग आधी पंधरापर्यंतचे पाढे आणि मूळ अवयव. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि शाळा मराठी असेल, जे आपल्या पूर्व भागात घरोघरी आहे, तर अडचण गणिताची नसून 'दिवसांआड', 'निःशेष', 'अनुक्रमे' अशा शब्दांची असू शकते. तेव्हा गणित तिला घरच्या भाषेत सांगायला लावा. नीट सांगता आलं तर सुटतं. शिष्यवृत्ती किंवा नवोदयची तयारी चालू असेल तर चार पर्यायांतला प्रत्येक पर्याय भागून पाहणं हा कमी वेळात उत्तर मिळवायचा सरळ मार्ग आहे आणि त्यात काही पाप नाही. टॉवेलच्या गणितात पर्याय १७७ दिला असेल तर तीन भागाकार करून टिक करायची. शाळेच्या पेपरात मात्र पायऱ्यांना गुण असतात, तिथे हे चालत नाही.

घरी करायचं ते एवढंच. तिच्या वहीतली जुनी दहा-बारा शाब्दिक उदाहरणं घ्या, लसावि-मसाविची सरमिसळ करून. सोडवायची नाहीत. प्रत्येकाखाली फक्त 'भाग जातो'चं ते एक वाक्य लिहायचं. एक आठवडा इतकंच पुरे. मग त्यातली दोन-तीन उदाहरणं पुरी सोडवायची आणि प्रत्येकात एकच गोष्ट बदलून पुन्हा सोडवायची: सुरुवातीची वेळ बदला, एक अट वाढवा, बाकी बदला. तिसऱ्या आठवड्यात तिला स्वतः गणित रचायला सांगा आणि ते तुम्ही सोडवा. बाक्या मनाला येतील तशा घातल्या की गणित कधी कधी सुटतच नाही, हे तिला तेव्हाच कळेल. उदाहरणार्थ, ४ ने भागून १ आणि ६ ने भागून २ बाकी उरणारी संख्या शोधायला बसलात तर सापडणार नाही: पहिल्या अटीने ती विषम हवी, दुसऱ्या अटीने सम.